रविवारचं पूर्ण पान

आमच्या घरी डायरी घेताना सगळ्यांत आधी रविवार उघडून बघत. मुखपृष्ठ नाही, कागद नाही, किंमत तर नाहीच. माझे वडील, तुमच्या आईचे आजोबा, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, दुकानात उभ्या उभ्या डायरीचं मधलंच कुठलं तरी पान उघडायचे, शनिवार शोधायचे आणि त्याच्या खाली बघायचे. बहुतेक डायऱ्यांत शनिवार-रविवार एकाच पानावर अर्धे अर्धे छापलेले असतात. छापणाऱ्याला वाटतं, सुट्टीच्या दिवशी माणसाला लिहिण्यासारखं काय असणार? अण्णा तशी डायरी मिटून परत द्यायचे. "गाईला रविवार नसतो," एवढंच म्हणायचे. बारामतीच्या स्टेशनरीच्या दुकानातले काका दर वर्षी त्यांना चिडवायचे, "डॉक्टर, मुलगी बघायला आल्यासारखं बघता राव तुम्ही. नाकीडोळी नीटस आहे, घेऊन टाका." अण्णा हसायचे नाहीत. पुढची डायरी मागायचे.

अण्णा जनावरांचे डॉक्टर होते. त्यांचे वडील इंदापूर तालुक्यात वरकुट्याला मेंढरं राखत आणि वर्षातले कित्येक महिने घराबाहेर असत. अण्णा शिकले, बारामतीत आले, आणि मेंढरांऐवजी गाईंच्या मागे फिरू लागले. तेव्हा आमच्या भागात घरोघरी संकरित गाई आल्या होत्या आणि उसाच्या बिलाची वाट बघण्यापेक्षा दुधाचा पगार बरा, असं बायका उघड म्हणत. पणदरे, वडगाव निंबाळकर, मधल्या सगळ्या वस्त्या, अण्णांची मोटारसायकल रोज कुठे ना कुठे असायची. त्यांचं निम्मं काम गाई भरवण्याचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं. सुई देऊन गाय भरवली की ती पुन्हा माजावर येते का, म्हणजे 'उलटते' का, ते काही दिवसांनी बघायचं. नाही उलटली तर पुढे तपासून गाभण आहे का ते बघायचं, आणि मग नऊ महिन्यांनी ती व्यायची. एका गाईच्या अशा तीन-चार तारखा. अण्णा त्या सगळ्या सुई देतानाच डायरीत पुढच्या पानांवर टाकून ठेवत. त्यामुळे उन्हाळा सरत आला, की त्यांच्या नोंदी पुढच्या वर्षात शिरायच्या आणि ते वर्ष तर अजून छापलेलंच नसायचं. मग त्या नोंदी चालू डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर दाटीवाटीने बसायच्या आणि नवी डायरी आली की तिच्यात उतरायच्या. डिसेंबरात जेवणं झाल्यावर अण्णा वाचायचे आणि मी उतरवून घ्यायचे. त्यांच्या नोंदी इंग्रजीत असत आणि अक्षर मुंग्यांसारखं बारीक. पुण्याला मावशीकडे ठेवून मला इंग्रजी शाळेत का घातलं, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "माझं अक्षर वाचायला घरात एक माणूस पाहिजे म्हणून."

तुम्हाला डायरीचं एवढं कौतुक कशाला ते कळणार नाही. तुमच्या आईच्या फोनमध्ये तुमच्या दातांच्या डॉक्टरांपासून पोहण्याच्या शिकवणीपर्यंत सगळं आपोआप वाजतं. आमच्याकडे आपोआप फक्त कुकर वाजायचा. बाकी प्रत्येक गोष्ट कुणीतरी लक्षात ठेवावी लागायची, आणि आमच्या घरात ते काम त्या डायरीचं होतं.

घर साधं होतं. पुढच्या खोलीत औषधांचं काचेचं कपाट, एक बाकडं, आणि खिडकीत काळा फोन. मधल्या खोलीत आम्ही, मागे स्वयंपाकघर. पहाटे स्टोव्हवर सुया उकळायला ठेवलेल्या पातेल्याचा खडखड आवाज आधी यायचा आणि चहाचा वास नंतर. अण्णा बाहेरून आले, की दारातच बादलीत हातपाय धुवायचे, तरी शेणाचा आणि जंतुनाशकाचा मिळून एक वास घरभर फिरायचा. मला तो वास वाईट आहे हे लग्न झाल्यावर दुसऱ्यांच्या घरात राहिले तेव्हा कळलं. दुधातुपाला आमच्याकडे तोटा नव्हता. गाय व्याली की पहिल्या दुसऱ्या दिवसाचा चीक डॉक्टरांकडे पोचवायचा, ही पद्धत. दूध गोळा करणाऱ्या टेम्पोबरोबर तो पितळी तांब्यातून, किटलीतून यायचा. आई त्यात गूळ आणि वेलदोडा घालून खरवस वाफवायची. इतका खरवस खाल्लाय मी, की आता कुणी कौतुकाने पुढे केला तर नको म्हणते.

त्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी अण्णा गेले. सकाळी वडगावहून आले, हात धुतले, बाकड्यावर बसले आणि तिथेच कलंडले. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही, कारण मला त्या दिवसातलं नीट काही सांगता येत नाही. लोक आले, लोक गेले. मला रडू आलं नाही. हिरडीत सुई दिल्यावर ओठ जसा आपला नसल्यासारखा होतो, चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. मी जेवत होते, कॉलेजला जात होते, फोन घेत होते. फोन मात्र थांबत नव्हता. गावोगावी बातमी पोचली होती, पण गाईंपर्यंत ती पोचलेली नव्हती. "ताई, वाईट झालं हो डाक्टरांचं," असं म्हणून माणूस हळूच विचारायचा, "तेवढं डायरीत बघता का, आमच्या गाईची कवाची तारीख हाय?" मी बघायचे आणि सांगायचे. अण्णांचे मित्र मुळे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांनी तेराव्यानंतर मला सांगितलं होतं, "नंदा, तू मला तारखा कळव, मी जात जाईन. गुडघे साथ देत नाहीत, पण गाडी आहे." म्हणून रोज सकाळी मी त्यांना फोन करून त्या दिवसाचं पान वाचून दाखवायचे. त्यात मला दुःख नव्हतं आणि समाधानही नव्हतं. काम होतं.

डिसेंबर लागला तशी औषध कंपन्यांची माणसं नव्या वर्षाच्या डायऱ्या घेऊन येऊ लागली. दर वर्षी पाच-सहा यायच्या. सगळ्या जाड, गुळगुळीत, अर्ध्या रविवारच्या. अण्णा त्या वाटून टाकायचे. आई एकीत धोब्याचा हिशेब लिहायची, अण्णांचे वरकुट्याचे भाऊ तात्या एकीत तंबाखूची पुडी ठेवायचे. त्या वर्षी आलेल्या एका माणसाला काही माहीत नव्हतं. त्याने हसत डायरी पुढे केली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत अण्णांचं पूर्ण नाव उठवलेलं होतं. आई दारातच उभी होती. तिचं मोकळं कपाळ बघून डायरी परत घ्यावी की द्यावी ते त्याला कळेना. नाव उठवलेलं, दुसऱ्या कुणाला चालणार नाही. शेवटी मीच ती त्याच्या हातातून घेतली आणि चहा विचारला. तो जाताना आईला म्हणाला, "मावशी, माफ करा." आई म्हणाली, "तुमी काय केलंय?" आणि आत गेली. जेवताना तिने मला सांगितलं, "यंदा डायरी आणू नकोस. कुणासाठी आणायची?" मी बरं म्हणाले.

पण त्याच आठवड्यात हौसाबाई आल्या. हौसाबाई पणदऱ्याच्या, दोन गाई आणि एक कालवड सांभाळणाऱ्या. नवरा साखर कारखान्यावर कामाला. दुधाच्या टेम्पोत बसून त्या आल्या, दारात बसून आईच्या गळ्यात पडून रडल्या, डोळे पुसले आणि पदराने तोंड झाकूनच मला म्हणाल्या, "ताईसाहेब, माझी कालवड न्हाय उलटली. लिवा."

अण्णांनी शेवटच्या आठवड्यात ज्या गाई भरवल्या, त्यांतली ती शेवटची. मी डायरी काढली. मागच्या कोऱ्या पानावर सगळ्यांत खाली ती होती. पहिलं वेत, म्हणजे पहिल्यांदाच व्यायची; अंग लहान, लवकर जाणे, असं लिहिलं होतं. मी तारीख मोजली. ती श्रावणात येत होती.

"डाक्टर म्हनलं व्हतं, येळ भरत आली की मी न बोलवता येतो," हौसाबाई म्हणाल्या. "आता न बोलवता कोन यायचं? तुमी लिवून ठेवा, मंजी झालं."

"ह्या डायरीत ती तारीख नाही, मावशी. नवी आली की लिहिते."

"मग आणा की नवी! दुकानं काय बंद हायती व्हय?"

आई आतून बाहेर आली, तिने हौसाबाईंना चहा दिला आणि माझ्याकडे बघितलं.

आता तुम्हाला एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात आईवडिलांपैकी कुणी गेलं, की लग्नाच्या मुलामुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं. वर्ष उलटलं, की मग तीन वर्षं थांबायचं. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अण्णा दिवाळीच्या आधी गेले, म्हणजे पुढच्या दिवाळीच्या आत लग्न व्हायला हवं होतं. पण आषाढी एकादशीपासून मुहूर्त बंद होतात ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि ते दिवाळीनंतर. म्हणजे खरी मुदत आषाढापर्यंतच. माझं इंदापूरला एका घरी अण्णांच्या देखतच बोलणं चाललं होतं. मुलगा सुरेश, बँकेत नोकरीला. अण्णांना पसंत होता. तात्या आठवड्याआड येऊन आईला आठवण करून देत होते. "वैनी, तीन वर्सं मंजी पोरगी चोवीस-पंचवीसची व्हती. त्यो पोरगा काय थांबतोय व्हय? वैशाखात नायतर जेष्ठात बार उडवून टाकायचा." आईला ते पटत होतं. घरात दोघीच उरलो होतो आणि निदान एकीचं तरी मार्गी लागावं, असं तिला वाटणं साहजिक होतं. मला काय वाटत होतं, ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही घर बघायला इंदापूरला गेलो. खरं तर मुलीने जायची पद्धत नव्हती, पण मुलाच्या वडिलांचा निरोप होता, की दुःखाचं घर आहे, फार मानपान नको, पोरीला आणि आईला घेऊनच या. एस.टी. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे रखडत होती. थंडी होती आणि खिडकीतून मळीचा आंबूस वास येत होता. तात्या पुढच्या बाकावर बसून कंडक्टरला आम्ही कुठे आणि कशासाठी चाललोय ते सांगत होते.

मुलाच्या वडिलांना सगळे रावसाहेब म्हणत. तीन-चार संस्थांवर होते, बोलायला मोकळे, आवाज मोठा. घर पक्कं, अंगणात हातपंप, गोठ्यात दोन म्हशी. पोहे झाले, चहा झाला, गॅसवर दुसरा चहा चढला. बोलता बोलता तात्यांनी माझं कौतुक करायला घेतलं. पोरीला इंग्रजी येतं, बापाची डायरी तीच लिहायची, अजूनही गावोगावचे फोन येतात, तीच सांभाळते. रावसाहेब खूश झाले. "अरे वा! मग हिला डायरी पायजे!" ते उठले, कपाट उघडलं आणि हातात मावतील तेवढ्या डायऱ्या आणून माझ्यापुढे दिवाणावर ओतल्या. "घे बाळ. संस्थांच्या, दुकानदारांच्या, ढीग पडलाय नुस्ता. कुठली आवडती ती घे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी लाजून एखादी उचलायला हवी होती. पण माझा हात सवयीने गेला. मी पहिली उघडली, शनिवार काढला, मिटून बाजूला ठेवली. दुसरी उघडली. तिसरी. खोलीतलं बोलणं थांबलं ते मला कळत होतं, पण ते दूर कुठेतरी चालल्यासारखं वाटत होतं. सगळ्या बघून झाल्यावर मी म्हणाले, "ह्यांत रविवार अर्धाच आहे."

रावसाहेब मोठ्याने हसले. "आरं, रविवारी काय काम असतं बाईमानसाला?"

"रविवारीच जास्त असतं," मुलाच्या आई दारातून म्हणाल्या. "तुमी सगळे घरी असता न्हवं."

सगळे हसले. तात्या सगळ्यांत जास्त हसले. सुरेश कोपऱ्यात खुर्चीवर होते, तोवर काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "दोन घ्या. एकीतला उरलेला रविवार दुसरीत लिहायचा." मी वर बघितलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी खरोखर विचार केला होता. हे तुमचे आजोबा नव्हेत, हे आत्ताच सांगून ठेवते. पण ते चांगले होते, आणि ते मला त्या दिवशीही दिसलं होतं. दिसलं, एवढंच. पुढे काही झालं नाही.

मग रावसाहेबांनी विषय काढला. ज्येष्ठातला मुहूर्त, लग्न साधं, माणसं बेताची. माझी परीक्षा होऊन जाईल. आई मान डोलावत होती. "आणि ते गाईंचं पुस्तक," रावसाहेब जाता जाता म्हणाले, "ते त्या मुळे डॉक्टरांना देऊन टाक. लगीन झाल्यावर हितं काय पणदऱ्याचे फोन घेत बसणार?" म्हणण्यात वाईट काही नव्हतं. देता आलं असतं. मुळे डॉक्टर चष्मा लावून, पानाशी अडखळत का होईना, वाचू शकले असते. मी दिवाणावरच्या डायऱ्यांची चळत नीट लावली. आईच्या ओटीत नारळ घालायला म्हणून मुलाच्या आई पुढे आल्या, मग थबकल्या, आणि नारळ माझ्या हातात दिला.

बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर तात्या परतीच्या गाडीला गेले. मी आईला म्हणाले, दुकानात जाऊन येऊ. ती काही न विचारता बरोबर आली. दुकानातल्या काकांनी आईकडे बघून हात जोडले आणि फळीमागून कागदात गुंडाळलेली डायरी काढली. "वहिनी, मी दिवाळीच्या आधीच बाजूला ठेवली होती डॉक्टरांची. नेहमीचीच. पण काय सांगू, ह्या वर्षी छापणाऱ्यांनी हिचा पण रविवार कापला. कागद महागला म्हणतात." त्यांचा चेहरा असा होता, जणू ती चूक त्यांचीच होती. त्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या काढून दाखवल्या. पूर्ण रविवार कशातच नव्हता.  फळीवर शाळा-कॉलेजच्या जाड बांधणीच्या आखीव वह्या होत्या. मी त्यांतली सगळ्यांत जाड, चार क्वायरची मागितली.

"ह्यात तारखा नाहीत, ताई."

"मी घालीन."

पुढचे तीन-चार दिवस दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो. किराणावाल्याने दिलेलं नवं कॅलेंडर आईने भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. अण्णांच्या गाई गावाकडच्या माणसांच्या होत्या, आणि ती माणसं तारखेपेक्षा तिथी जास्त सांगत, म्हणून दोन्ही हवं होतं. आई वाचायची, मी पानाच्या वर लिहायचे, पान उलटायचे. तारीख, वार, तिथी. तारीख, वार, तिथी. पौष संपला. माघ संपला. आईचा आवाज वाचताना सपाट असायचा, अभंग म्हणतानासुद्धा तो तसाच असे. मधे ती उठून भाकऱ्या थापायची, शेंगदाण्याची चटणी आणि मेथी, आम्ही तिथेच जेवायचो, हात धुऊन पुन्हा बसायचो. अण्णा गेल्यापासून आम्ही दोघी इतका वेळ शेजारी बसलोच नव्हतो.  फाल्गुन, चैत्र. वैशाखात तिचा आवाज जरा हळू झाला. ज्येष्ठात एका तारखेवर ती थांबली, तिथे तिने काडीने कॅलेंडरवर आधीच खूण केलेली होती, मग पुढे गेली. मी ती तारीखही बाकीच्यांसारखीच लिहिली आणि पान उलटलं.

आषाढी एकादशी आली. आईने कॅलेंडर मांडीवर पालथं ठेवलं.

"बास का आता? पुढची पानं कोरी राहू देत. पुढं तू हितं नसणार."

मी पेन हातात धरून बसले होते. बाहेर कुणीतरी रस्त्यावरून ऊस ओढत नेत होतं, त्याचा सळसळ आवाज हळूहळू लांब गेला.

"नंदा, तुझ्या मनात काय हाय?"

मी खरंच मनात बघितलं. दाराआडून अंधाऱ्या खोलीत बघतात तसं. तिथे मला काही दिसलं नाही. "काही नाही, आई," मी म्हणाले. आणि मग मी म्हणाले, "पुढची तिथी सांग."

 तिने कॅलेंडर सुलटं केलं, बोटाने रेघ शोधली, आणि वाचलं, "द्वादशी." मी लिहिलं. त्रयोदशी. चतुर्दशी. ती वाचत गेली आणि मी लिहीत गेले. श्रावण आला, तिथे मी हौसाबाईंची कालवड उतरवली आणि तिच्या पंधरा दिवस आधीच्या पानावर 'पणदऱ्याला जाणे' असं लिहिलं. आई थांबली नाही. भाद्रपद. आश्विन. दिवाळीच्या आधीची ती तिथी आली, अण्णांच्या वर्षश्राद्धाची. ती तिने बाकीच्यांसारखीच वाचली. मीही बाकीच्यांसारखीच लिहिली.

नंतरच्या आयुष्यात कुणी कुणी मला म्हणालं, की हे धाडस होतं. तसं काही नव्हतं. धाडसाला काहीतरी हवं असावं लागतं, आणि मला काही हवं नव्हतं. पेन खाली ठेवण्यापेक्षा पुढची तारीख लिहिणं सोपं होतं, एवढंच मला आठवतं.

तात्या आले तेव्हा त्यांना वही दाखवायची गरज पडली नाही. आईनेच सांगितलं. ते बाकड्यावरून उठून उभे राहिले. "वैनी, येड लागलंय का तुमाला? तीन वर्सं! एका कालवडीपायी पोरगी घरात बशीवता व्हय?"

"कालवडीपायी न्हाय."

"मग कशापायी?"

आई विचार करू लागली. तिला खरंच उत्तर शोधायचं होतं. "तिनं लिवलंय आता," ती म्हणाली.

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "लिवलंय म्हनं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि चहा न घेता गेले. वर्षभर ते आमच्याकडे आले नाहीत. तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांत आधी तेच आले आणि सगळ्यांत जास्त धावपळ त्यांनीच केली, हेही लिहायला हवं. इंदापूरच्या सुरेशचं त्याच ज्येष्ठात दुसरीकडे लग्न झालं. आणि कालवडीचं म्हणाल, तर ती श्रावणात अडली. मुळे डॉक्टर आधीच तिथे पोचलेले होते, म्हणून गाय वाचली. वासरू वाचलं नाही. मी ते तसंच वहीत लिहिलं. तेव्हाही मला रडू आलं नाही. ते पुढे केव्हा आलं, ते वेगळं, आणि त्याचं कारण इतकं क्षुल्लक होतं, की मी ते इथे लिहिणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. तात्या गेले त्या दिवशी संध्याकाळी आईने इंदापूरला फोन लावला. आधी तिने तोंड धुतलं, पदर नीट केला, जणू ते तिकडून बघणार होते. तिला रावसाहेबांशी बोलायचं होतं. उचलला सुरेशनी. रावसाहेब गावाला गेले होते. आई दोन वाक्यं बोलली आणि तिने फोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला. तिकडे म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता.

"आईंनी सांगितलं," ते म्हणाले. "आमच्याकडून काही चुकलं का?"

"नाही."

"मी पसंत नव्हतो का? तसं असेल तर तसं सांगा. मला राग नाही यायचा."

"तसं नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

"मग काय?"

माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती मी सांगितली. "श्रावणात एक गाय व्यायची आहे."

ते हसतील असं मला वाटलं. किंवा चिडतील. 

"कितवं वेत?" त्यांनी विचारलं.

"पहिलं. अंग लहान आहे."

"मग थांबायलाच हवं," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी फोन तसाच धरून ठेवला. मीही धरून ठेवला. मग त्यांनी ठेवला.